गणवेशानंतरचे व्रत

माजी सैनिकाच्या निधनानंतर गावोगाव ज्या शोकसभा होतात, त्यांत त्याच्या आयुष्याचा पूर्वार्धच बहुधा सांगितला जातो. कोणते युद्ध, कोणती सीमा, कोणते पदक, एवढ्यावर वक्त्यांची भाषणे संपतात. पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरवून घरी परतलेला हा माणूस पुढे पंचवीस-तीस वर्षे काय करीत होता, याचा उल्लेख ओझरताच होतो. त्यातून तो एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी वा संधाता यांचा व्यवसाय शिकविणारा निदेशक असेल, तर हे विस्मरण ठरलेलेच. सैनिक म्हणून त्याला वंदन होते. शिक्षक म्हणून त्याची आठवणही निघत नाही. हा दोष शोकसभेचा नाही. श्रमाकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचा तो दोष आहे.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तरी हे विस्मरण परवडणारे नाही. धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा कारागिरांचाही आहे. भंडारा शहराची पितळेची भांडी आणि मोहाडी परिसरातील कोशट्यांचे टसर या इथल्या जुन्या विद्या. त्यांच्या जोडीला जवाहरनगरचा आयुधनिर्माण कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा ट्रकनिर्मितीचा प्रकल्प आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आल्या. या साऱ्यांना हात लागतात, आणि ते शिकलेले हात असावे लागतात. एका पिकावर पोट न भरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला बांधीतून कारखान्याच्या दारापर्यंत नेणारी वाट शिल्पनिदेशकाच्या कर्मशाळेतूनच जाते.

सैन्य आणि कारागिरी यांचे नाते नवे नाही. लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलातील, म्हणजेच ‘ईएमई’मधील जवानाचे पदनामच मुळी ‘क्राफ्ट्समन’, म्हणजे कारागीर, असे आहे. युद्धात निकामी झालेला रणगाडा वा वाहन पुन्हा उभे करणे हे त्याचे शौर्य. दुसरीकडे, १९५० मध्ये देशभर सुरू झालेली प्रशिक्षण योजना कारागिराच्याच नावाने ओळखली जाते. पुण्याजवळ खडकी येथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने शंभराहून अधिक वर्षे एकच गोष्ट सांगितली आहे: सैनिकाला सहानुभूती नको, हाताला विद्या हवी. ती विद्या घेऊन परतलेला सैनिक जेव्हा ती गावच्या मुलांना देऊ लागतो, तेव्हा राष्ट्राने त्याच्यावर केलेला खर्च व्याजासह परत येतो.

तो काय देतो, हे कर्मशाळेत पाहावे. जोडारीच्या मुलाच्या हाती पहिले काही आठवडे कानस असते. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरून तो घासावयाचा, गुण्या लावून काटकोन तपासावयाचा, पुन्हा घासावयाचा. मुले कंटाळतात, हाताला फोड येतात. व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजला जातो, आणि तिथे ‘साधारण बरोबर’ या शब्दाला जागा नसते. ‘चालतंय’ म्हणण्याची सवय मोडणे हेच निदेशकाचे खरे कार्य. शस्त्राची निगा राखण्यात ज्याची उमेद गेली, त्याला ही शिस्त पुस्तकातून शिकवावी लागत नाही. सैल बाही, चष्म्याविना चालविलेले ग्राइंडर यांवर तो करडा होतो, कारण निष्काळजीपणाची किंमत त्याने पाहिलेली असते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटात कामगारांचा बळी गेला. संरक्षणाच्या कामातील जोखीम सीमेवरच असते असे नाही, हे भंडारेकरांना निराळे सांगावयास नको.

या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, ती घराची. जवान सीमेवर असताना रोवणी उरकणे, सासू-सासऱ्यांचे दुखणे, मुलांची शाळा हे सारे त्याची पत्नी एकहाती सांभाळते. सुटीवर येणारा बाप मुलांना पाहुणाच वाटतो. निवृत्तीनंतर त्याला कुटुंबही नव्याने शिकावे लागते. आज्ञेने चालणाऱ्या जगातून समजुतीने चालणाऱ्या जगात येणे सोपे नाही. ज्याला ते साधते, तोच वर्गातही शिक्षक होतो.

अर्थात गणवेश घातला म्हणून कोणी आपोआप गुरू होत नाही. परेडच्या मैदानावरचा आवाज वर्गात उपयोगी पडत नाही, आणि वीस वर्षांपूर्वीची यंत्रविद्या आजच्या संगणकचलित यंत्रांना पुरत नाही. म्हणूनच माजी सैनिकाला निदेशक-प्रशिक्षण आणि नव्या यंत्रांचा सराव मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आहेत. परंतु त्याच्या अंगच्या विद्येचा विचार न करता त्याला कुठल्या तरी दारावर उभे करणे, हा त्या विद्येचा अपव्यय होय.

प्रश्न आता तातडीचा आहे. जून २०२२ मध्ये घोषित झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. योजनेच्या मूळ तरतुदीनुसार त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर सैन्यात कायम होतील. उरलेले ऐन पंचविशीच्या आत-बाहेर गावी परततील. त्यांना केवळ सुरक्षारक्षकाची काठी द्यावयाची, की हातातील कौशल्य वाढवून उद्याचे निदेशक घडवावयाचे, हे शासनाबरोबर समाजालाही ठरवावे लागेल.

दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिन मानतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजनाही त्याच मुहूर्तावर सुरू झाली. पण योजना शासनाची असते, प्रतिष्ठा समाजाने द्यावयाची असते. आयटीआयला जाणाऱ्या मुलाची ओळख करून देताना आपला आवाज खाली येतो, तोवर विश्वकर्म्याची पूजा हा उपचारच राहणार. या विश्वकर्मा जयंतीला प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या तालुक्यातील एखाद्या निवृत्त निदेशकाच्या घरी जावे, त्यांच्यासह त्यांच्या सहधर्मचारिणीचा सत्कार करावा आणि त्यांच्या हाताखाली शिकून संसाराला लागलेल्या मुलांना तिथे बोलवावे. त्यांच्या सेवेची मोजदाद पदकांच्या पेटीत होणार नाही. ती त्या मुलांच्या चुलींवर होईल.