डिझेल पिकअपचा मूळ पंखा काढू नये

अमेरिकेतल्या डिझेल पिकअपच्या हौशी मालकांत एक मत घट्ट रुजले आहे. इंजिनाच्या जोरावर फिरणारा कंपनीचा पंखा ताकद खातो. तो काढून विजेचा बसवला की गाडी चपळ होते आणि डिझेलही वाचते. भंगारातल्या फोर्ड टॉरस मोटारीचा विजेचा पंखा आणून पिकअपला बसवण्याची तिकडे जुनी प्रथा आहे.

मूळ पंखा सतत ताकद खातो, हे मुळातच खरे नाही. पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्याच्या तोंडावरची दोन धातूंची गुंडाळी रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेने वळते, झडप उघडते, सिलिकॉन तेल आत उतरते आणि मगच पंखा पकड घेतो. एरवी तो घसरत, सावकाश फिरतो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांशावर येते. रिकामी गाडी महामार्गावर धावत असताना वाचवण्यासारखे फारसे उरतच नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त फसवा आहे. विजेचा पंखा 40 अँपिअर, म्हणजे सुमारे साडेपाचशे वॅट घेतो. पूर्ण पकडलेला मूळ पंखा दहा-पंधरा अश्वशक्ती सहज घेतो. या फरकालाच बचत म्हटले जाते. पण ती शक्ती हवा ओढण्यात जाते! डिझेल पिकअपच्या रेडिएटरपुढे इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर यांची जाड भिंत असते. तिच्यातून पुरेशी हवा खेचण्याइतका दम साडेपाचशे वॅटमध्ये नाही. शिवाय ती वीजही फुकट येत नाही. ती बनवणारा अल्टरनेटर इंजिनच फिरवते.

खरी परीक्षा ओझे ओढताना होते. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे2807 या मानकात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ आहे. सुमारे 18 किलोमीटरमध्ये जवळजवळ 900 मीटर चढायचे, तेही किमान 38 अंश सेल्सिअस उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून आणि मागे भरलेला ट्रेलर घेऊन. इंजिन पूर्ण ताकदीने तापत असते आणि वेग मात्र बेताचा, त्यामुळे समोरून आपोआप येणारी हवा तोकडी पडते. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावरच असते.

विजेच्या पंख्याचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो शांत चालतो, इंजिन मंद फिरत असतानाही पूर्ण वेगाने हवा देतो, आणि हलक्या गाडीला तो शोभतो. म्हणूनच शेव्हरोलेने 2005 मध्ये सिल्व्हराडो 1500 या पेट्रोल पिकअपला विजेचे पंखे दिले. पण त्याच घराण्यातल्या 2500 एचडी ड्युरामॅक्स डिझेलला क्लचचाच पंखा ठेवला. फोर्डने 2003 च्या 6.0 लिटर पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिनासाठी क्लच टाकून दिला नाही. त्याचे नियंत्रण संगणकाकडे दिले. सुधारणेची योग्य दिशा हीच आहे.

म्हणून पंखा बदलण्याआधी मालकांनी क्लच तपासावा. इंजिन चांगले तापल्यावर बंद करावे आणि पंखा हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत न थांबता गरगर फिरत राहिला, तर क्लच निकामी झाला आहे, नवा बसवावा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुवावा, पंख्याभोवतीचे आवरण (श्राउड) फुटलेले असेल तर बदलावे. ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल गाडीवर खर्च करायचा असेल, तर तो इथे करावा.