गेम पूर्ण झाला, आता उपसा करा

गेम पूर्ण झाल्याचं टीम जाहीर करते, त्या दिवशी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये काय काय पडलेलं असतं ते खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही. मोबाइल गेमचं प्रोग्रामिंग हे माझं रोजचं काम, म्हणून सांगते: रद्द झालेल्या लेव्हल, नायकाचे नापसंत ठरलेले जुने अवतार, टेस्टिंगपुरती घातलेली गाणी, कुठूनच कॉल न होणारी फंक्शन्स. यातलं बरंचसं तसंच बाजारात जातं. ते जाऊ नये, आणि हे सगळं उपसून काढायचा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

हा पसारा आत शिरतो कसा? युनिटी या गेम इंजिनात कुठल्याही सीनशी न जोडलेली फाइल सहसा बिल्डमध्ये, म्हणजे फोनवर जाणाऱ्या तयार गेममध्ये, येत नाही. पण 'रिसोर्सेस' नावाच्या फोल्डरमध्ये जे ठेवाल, ते वापरा किंवा वापरू नका, सगळं येतं. घाईच्या दिवसांत 'सध्या इथं टाकू' म्हणत नेमका हाच फोल्डर भरला जातो. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं एक चित्र कॉम्प्रेस न करता राहिलं, तर तेवढंच १६ एमबी घेतं. बिल्डनंतर एडिटर लॉगमध्ये फाइलींची आकारानुसार यादी मिळते. तिच्या वरच्या काही ओळी वाचल्या तरी बरंच उमगतं. ती उघडायला मात्र कोणाला फुरसत नसते.

भुर्दंड खेळणाऱ्याला पडतो. ३२ जीबीच्या फोनमध्ये घरातले फोटो, व्हॉट्सॲप आणि मुलांच्या शाळेचे व्हिडिओ यांतून जी जागा उरते, तिच्यात आपला गेम बसवायचा असतो. ॲपचा आकार ६ एमबीने वाढला की इन्स्टॉल करणारे साधारण एक टक्क्याने घटतात, असं गुगलनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं.

मोठ्या गेमचीही हीच कथा. 'हेलडायव्हर्स २' पीसीवर सुमारे १५४ जीबी जागा घेत होता. जुन्या हार्ड डिस्कवर लोडिंग रेंगाळू नये म्हणून एकच माल अनेकदा साठवलेला होता. २०२५ मध्ये तो बनवणाऱ्या ॲरोहेडने प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तर फरक फार तर काही सेकंदांचा निघाला. जादा प्रती काढल्यावर गेम सुमारे २३ जीबीवर आला.

मागे राहिलेला कोड अंगाशीही येतो. 'जीटीए सॅन अँड्रियास'मधला एक अश्लील प्रसंग तो बनवणाऱ्या रॉकस्टारने नुसता बंद केला होता, काढला नव्हता. गेममध्ये बदल करणाऱ्या एका मॉडने तो प्रसंग उघडला आणि जुलै २००५ मध्ये अमेरिकेत गेमचं रेटिंग 'फक्त प्रौढांसाठी' झालं. मोठ्या दुकानांनी गेम विक्रीतून काढला.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि त्यात तथ्य आहे. 'बॉस' या शब्दापुढे लेव्हलचा आकडा जोडून कोड ऐनवेळी फाइल मागवत असेल, तर 'बॉस७' हे नाव कोडमध्ये शोधून सापडत नाही. बिनकामाची समजून ती फाइल उडवली की सातव्या लेव्हलला गेम कोसळतो. यावर उपाय शिस्तीचा आहे. आधी सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, सुरक्षित ठेवा. मग एका वेळी एकच गोष्ट काढा, बिल्ड करा आणि गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळा, तोही स्वस्तातल्या फोनवर. गिटमधून काहीही परत आणता येतं, त्यामुळे 'पुढे लागेल' म्हणून बिल्डमध्ये काही राखायची गरज नाही.

प्रोग्रामरने हे रात्री जागून, हौसेने करावं अशी अपेक्षा चुकीची आहे. गेम करून घेणाऱ्यांनी टेस्टिंगसारखाच या कामाचाही वेळ आणि पैसा करारात धरावा. आकाराची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवावी, आणि ती ओलांडणारा बिल्ड कितीही देखणा असला तरी परत पाठवावा.