एक आकृती, दोन वाचक

कर्जमंजुरीची अट सहकारी बँकेच्या कर्ज विभागाने एका अर्थाने सांगावी आणि संगणक विभागाने दुसऱ्याच अर्थाने प्रणालीत उतरवावी, हा विसंवाद उशिरा उघड झाल्यास दुरुस्ती महाग पडते; म्हणूनच हा अंक प्रतिमानीकरणाला, म्हणजे कामाचा ओघ ठरावीक चिन्हांनी रेखाटण्याच्या पद्धतीला, वाहिलेला आहे. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘बीपीएमएन’ या चिन्हप्रणालीत प्रत्येक विभागाला स्वतंत्र पट्टा देता येतो, त्यामुळे अट नेमकी कोण तपासणार, हा प्रश्न टाळणे अवघड होते. (चिन्हांचा पसारा मात्र नवख्याला बिचकवणारा आहे.) आकृती तज्ज्ञाने एकट्याने काढून संमतीसाठी फिरवण्यापेक्षा दोन्ही पक्षांनी एकत्र बसून काढावी, अशी आमची भूमिका असून तिच्याशी असहमत वाचकांनी अवश्य लिहावे.