सभामंडपातील तज्ज्ञ

आमच्या देवस्थानांच्या सभामंडपांत कीर्तन-प्रवचनांच्या जोडीला अलीकडे एक नवा प्रकार शिरला आहे. ‘मनःशांती शिबिर’ अशी पाटी लागते. तीन दिवसांचा वर्ग करून ‘ट्रॉमा तज्ज्ञ’ झालेले गृहस्थ व्यासपीठावर येतात आणि शंभर लोकांसमक्ष बायामाणसांना बालपणीचे दुःख बोलून दाखवावयास लावतात. कोणी हुंदके देऊन रडले की शिबिर यशस्वी! मग महाजनमंडळी शाल-श्रीफळ देऊन मोकळी होतात. या प्रकारास आमचा स्पष्ट विरोध आहे.

सामान्य खिन्नतेची गोष्ट निराळी. ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून आरोग्यकेंद्रांत समुपदेशन करविले. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि आम्हांस त्याचा अभिमानच आहे. परंतु त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ उभे होते, हे विसरता कामा नये.

ज्या घरातून सुटका नाही अशा घरात वर्षानुवर्षे मार वा अत्याचार सोसलेल्या माणसाचा आघात जटिल असतो. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन विदुषीने १९९२ साली त्यास स्वतंत्र नाव सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. अशा माणसाचा स्वतःवरचा आणि इतरांवरचा विश्वासच मोडलेला असतो. म्हणून हर्मनबाईंच्या क्रमात प्रथम सुरक्षितता येते आणि आठवणींची वेळ त्यानंतर. आमचे शिबिरवाले नेमके उलटे करतात. जखम उघडतात आणि सायंकाळच्या गाडीने निघून जातात.

कायदा याविषयी मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास मान्यताप्राप्त अर्हता लागते, एम. फिल. च्या मार्गाने आलेल्यास पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण आणि देखरेखीखालील रुग्णसेवा. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणाऱ्यास १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने एक वर्षापर्यंत कैद, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहे. (हजार रुपये! शिबिराचे मानधनही याहून अधिक असावे.) मात्र ‘ट्रॉमा तज्ज्ञ’ हा शब्द या दोन्ही कायद्यांत कोठेही नाही. म्हणूनच तो पाटीवर इतक्या सहज चढतो.

“करुणा असली की पुरे,” असे सांगितले जाते. करुणा कोणास नको आहे? पण भक्ती दांडगी आहे म्हणून कोणी तीन दिवसांच्या अभ्यासावर मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करू म्हणाला, तर हीच महाजनमंडळी त्यास गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे करतील काय? पाठशाळेत गुरूसमोर वर्षे काढावी लागतात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यासही तेच करावे लागते. मार्गदर्शकासमोर आपल्या प्रत्येक रुग्णाचा आणि आपल्या प्रत्येक चुकीचा हिशेब द्यावा लागतो, आणि दुसऱ्याचे दुःख ऐकून आपले मन कोठे ढळले हेही उघड करावे लागते.

आणखी एक गोष्ट. शिबिरात एखाद्या अल्पवयीन मुलीने लैंगिक अत्याचार सांगितला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांस कळविण्याचे बंधन व्यासपीठावरील गृहस्थांइतकेच समोर बसून ऐकणाऱ्या महाजनांवरही येते. ठराव करताना समित्यांनी हे ध्यानात घेतले आहे काय? सभामंडप देण्यापूर्वी त्यांनी पाहुण्याचा नोंदणी-क्रमांक विचारावा, शिबिरानंतर आठवड्याने रडणाऱ्या बाईने कोणाकडे जावयाचे तेही विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.