वायफायची किल्ली कोणाच्या हाती?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. त्याचा माग काढीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील सानपाडा येथे, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याच्या असुरक्षित वायफायचा उपयोग भलत्यानेच करून घेतला होता. सप्टेंबरात दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेलही चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचे उघडकीस आले. दाराला कुलूप लावणारे आपण, भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरी मात्र मोकळ्या सोडतो, हे त्या वर्षी अनेकांच्या ध्यानी आले.

आज बहुतेक राउटर पासवर्डसहच घरी येतात. तथापि पासवर्ड दोन असतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एक वायफाय जोडण्याचा. तो आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगतो. दुसरा राउटरच्या अंतर्गत व्यवस्थेचा. हा पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारे घर. तो प्रथम बदलावा. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए २ किंवा डब्ल्यूपीए ३ असावी. जुनी डब्ल्यूईपी २००१ सालापासूनच भेदता येते. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय अनेक राउटरांत असते, ती वापरावी.

मुलांसाठीचे नियंत्रणही याच दुसऱ्या पासवर्डवर अवलंबून आहे. कोणते उपकरण रात्री किती वाजता बंद व्हावे, कोणती संकेतस्थळे उघडू नयेत, हे तेथेच ठरते. राउटरच्या डीएनएस रकान्यात १.१.१.३ हा पत्ता घातला, तर अश्लील संकेतस्थळे बव्हंशी अडविली जातात. क्लाउडफ्लेअर कंपनीने ही विनामूल्य सेवा २०२० साली सुरू केली. अडचण निराळीच आहे. आपल्या घरांत हे काम आठवीतल्या चिरंजीवांकडे सोपविले जाते, कारण ‘त्याला त्यातले कळते’. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण येथे लावणे अन्यायाचे होईल. मूल चोर नव्हे. पण किल्ली आईवडिलांकडे नाही, हे खरेच.

कायदाही अखेर आईवडिलांपाशीच येऊन थांबतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ही तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली व जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे प्रश्न पालकाला विचारला जाईल. फोनवर आलेल्या प्रश्नाला न वाचता ‘होय’ म्हणणाऱ्या पालकाची संमती कितपत संमती ठरेल?

शिवाय राउटरची सत्ता उंबरठ्यापर्यंतच चालते. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला. मुलाने फोनवर वायफाय बंद केले की घरचे सारे निर्बंध संपले. म्हणून फोनवरही फॅमिली लिंक किंवा स्क्रीन टाइम ही नियंत्रणे लावावी लागतात. तीही खेळातल्या गप्पांमधून गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला ओळखीत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात डिजिटल जगातील बालकांच्या प्रतिष्ठेविषयी परिषद भरली होती. तिच्या प्रतिनिधींशी बोलताना पोप फ्रान्सिस ह्यांनी, तांत्रिक गाळण्या पुरेशा आहेत असे मानणे ही चूक होय, असे बजावले होते.

कोणी धमकावले तर मूल आपल्याला सांगेल काय, हे बरेचसे पहिल्या तक्रारीला आपण काय केले यावर ठरते. फोन काढून घेतला असेल, तर दुसरी तक्रार येणार नाही. तसा प्रसंग आलाच, तर संदेश पुसू नयेत. ते पुरावा असतात. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक अहोरात्र चालू असतो, आणि बालकांच्या लैंगिक शोषणाची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही नोंदविता येते.