कॅमेरा द्या, प्रदर्शन नको

बालगृहाच्या दारात सर्वांत जास्त काढला जाणारा फोटो कोणता, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. कुणाचा तरी वाढदिवस असतो, नाहीतर कुणाची तरी पुण्यतिथी. मंडळाचे दहा-पंधरा कार्यकर्ते, केळ्यांच्या पाट्या, वह्यांचे गठ्ठे, मधोमध साहेब आणि साहेबांच्या पोटाच्या उंचीवर ओळीत उभी केलेली मुलं. वही मुलाच्या हातात पोचलेली असते, साहेबांच्या हातून ती अजून सुटलेली नसते आणि दोघंही बघतात कॅमेऱ्याकडे. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 म्हणतं की अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करू नये. केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे जरा जाणती मंडळी हल्ली मुलांच्या तोंडावर धूसर ठिपका टाकतात. साहेब तेवढे लख्ख दिसतात.

फळवाटपाला माझा विरोध नाही. मुलांनी केळी खावीतच. पण यातल्या अनेक मुलांकडे स्वतःचा म्हणावा असा एकही फोटो नसतो, हे या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. बारशाचा नाही, आईच्या कडेवरचा नाही, शाळेच्या पहिल्या दिवसाचा नाही. असतो तो फायलीला लावलेला पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डावरचा. इतरांसाठी हजारदा फोटोत उभं राहिलेल्या मुलाकडे स्वतःसाठी एकही नाही. म्हणून या आठवड्यात माझं म्हणणं एवढंच आहे की कॅमेरा या मुलांच्या हातात द्यावा आणि त्याचा समारंभ करू नये.

यातला पहिला भाग नवा नाही. वेंडी इवाल्ड ही अमेरिकन छायाचित्रकार 1975 च्या सुमारास केंटकीच्या कोळसा खाणींच्या डोंगराळ भागात गेली आणि तिथल्या गरीब घरांतल्या मुलांना साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला शिकवू लागली. घरच्यांचे फोटो काढा, जनावरांचे काढा, स्वतःचे काढा, पडलेल्या स्वप्नांचेही काढा, असं ती त्यांना सांगे. स्वप्नाचा फोटो काढायचा म्हणजे ते आधी उभं करावं लागतं. मग भावाला झाडावर चढवायचं, बहिणीला मेल्याचं सोंग घ्यायला लावायचं, आणि ज्याची भीती वाटते ते आपल्याच हुकमाखाली आणायचं. 1989 मध्ये हीच इवाल्ड गुजरातमधल्या एका खेड्यात येऊन मुलांना शिकवत होती. 1990 च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात शेतकरी बायकांबरोबर असंच काम केलं आणि त्याला रीतसर पद्धतीचं रूप दिलं. आधी फोटो, मग सगळ्यांनी गोल बसून त्या फोटोवर बोलणं, असा तिचा क्रम.

माझ्या मते खरं काम त्या गोल बसण्यात होतं. ‘तुझ्यावर काय गुजरलं ते सांग’ असं समोर बसून विचारलं की मूल गप्प होतं. प्रश्न नजरेला नजर देऊन येतो आणि त्याचं उत्तर त्याला याआधी पोलिसांना, बाल कल्याण समितीला, डॉक्टरांना द्यावं लागलेलं असतं. मध्ये एक फोटो ठेवला की दोघांची नजर त्या कागदावर जाते. ‘ही चप्पल कुणाची?’ इतकं साधं विचारता येतं. उत्तर चपलेपुरतं देऊन थांबायचं, की पुढं बोलायचं, ते मुलानं ठरवायचं. काय चौकटीत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं आणि शटर कधी दाबायचं, हेही त्यानंच ठरवायचं. ज्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, त्याच्यासाठी हे लहान नाही. या सगळ्याला उपचार म्हणायला मात्र मी तयार नाही. समुपदेशक त्या खोलीत हवाच. कॅमेरा त्याची जागा घेत नाही.

कॅमेरा हाती देण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. मुंबईत पार्थो भौमिक यांनी 2006 पासून ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या उपक्रमात दृष्टिहीन मुलामाणसांना छायाचित्रण शिकवलं. ती आवाजाच्या दिशेनं, हाताच्या स्पर्शानं, अंगावर पडणाऱ्या उन्हाच्या उबेनं फोटो घेतात. ज्याला तो दिसणार नाही त्यानं फोटो का काढावा, असं विचारणाऱ्यांनी आपल्या मोबाइलमधले न बघितलेले फोटो मोजावेत.

आता दुसरा भाग, समारंभाचा. कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतल्या मुलांना झाना ब्रिस्कीनं कॅमेरे दिले, त्यावर ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ हा माहितीपट निघाला आणि 2005 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. मुलांनी काढलेले फोटो सुंदर होते, यात वाद नाही. पण वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच दुर्बार महिला समन्वय समितीनं त्या चित्रपटावर टीका केली होती. मला त्यात एक गोष्ट खुपते. मुलांच्या फोटोंपेक्षा मुलांचे चेहरे जगभर जास्त फिरले. हातात कॅमेरा आला तरी ती दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोरून सुटली नाहीत.

आपल्याकडे हेच होईल. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन, फीत कापायला तेच साहेब आणि ‘वंचितांच्या नजरेतून’ असा फलक. मग वार्ताहर त्या मुलाला विचारणार, ‘तुला कसं वाटतंय?’

खरं तर कोल्हापूरला हे दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं स्वतःच कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, येता-जाता आपण ते बघतो. पण कॅमेऱ्याइतकंच मोल पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या शिकवण्याच्या रीतीला आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथं पडेल ते काम करत शिकले. त्यांना कुणी ‘लाभार्थी’ म्हटलं नाही. आज ‘अवनि’सारखी संस्था वीटभट्टीवरच्या मजुरांच्या पोरांसाठी शाळा चालवते, ‘चिल्लर पार्टी’वाले महापालिका शाळांतल्या मुलांना जगभरचे बालचित्रपट दाखवतात. पोरं पडदा बघायला शिकली आहेत. पुढची पायरी फार लांब नाही.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. अधीक्षक मोबाइल आत येऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. एक फोटो बाहेर गेला आणि मूल ओळखलं गेलं तर जबाबदारी त्यांच्यावर येते. म्हणून मोबाइल नको, कुणाच्याही कपाटात पडलेला जुना छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा. त्याला इंटरनेट नाही, हाच त्याचा गुण. याहून गंभीर गोष्ट अशी की काही मुलांवर झालेल्या गुन्ह्यात कॅमेरा हेच हत्यार होतं. पॉक्सो कायद्यात त्यासाठी वेगळी कलमं आहेत. अशा मुलाच्या हातात, मन मोकळं होईल म्हणून, अचानक कॅमेरा ठेवणं म्हणजे क्रौर्य. कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे समुपदेशकाला आधी विचारलं पाहिजे. आणि ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला खोखो खेळायला सोडलं पाहिजे.

अठराव्या वर्षी बालगृह सुटतं, तेव्हाचाही विचार करावा. आपल्याकडे लग्नाच्या फोटोंचा धंदा जोरात आहे. लाइट धरणारा, अल्बम डिझाइन करणारा, एडिटिंगला बसणारा पोरगा प्रत्येक स्टुडिओला हवा असतो. पण ते धंद्याचं शिक्षण; त्याचे तास वेगळे ठेवावेत आणि पगार पहिल्या लग्नापासून द्यावा. ‘शिकतोय ना’ म्हणून सीझनभर फुकट राबवायचं असेल तर या फंदात पडू नये.

19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन येतो. फोटोग्राफर मंडळींनी यंदा कॅमेऱ्याची पूजा झाल्यावर बालगृहाची वाट धरावी. बॅनर न घेता जावं आणि तेच तेच दोघं-तिघं दर रविवारी जावेत, कारण महिनाभर येऊन गायब होणारी माणसं या मुलांनी भरपूर पाहिली आहेत. चार बाय सहाची प्रिंट काही रुपयांत निघते. ती काढून मुलाच्या हातात द्यावी. तो ती पेटीत ठेवील, मित्राला देईल, नाहीतर फाडून टाकील. अधीक्षकांनी मात्र येणाऱ्याला दारातच विचारावं, काम संपल्यावर हे फोटो कुणाचे? ‘आमच्या पेजवर टाकू की’ असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्यावा.