वह्या जळाल्या, मग कायदा आला : इतिहासाचा अर्धाच राहिलेला धडा



'दख्खनचे दंगे' शिकवताना आपण बहुतेक जण एकाच चित्रावर थांबतो. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव आणि पेटलेल्या सावकारांच्या वह्या. मुलांनाही तेवढंच आठवतं. पण माझं स्पष्ट मत आहे, की खरा धडा त्या जाळात नाही. तो चार वर्षांनी आलेल्या कायद्यात आहे.

त्याआधी काय व्हायचं? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखा तीनच वर्षं चालायचा. मग सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. वाचता न येणारा शेतकरी अंगठा द्यायचा. कोर्ट अंगठा बघून हुकूमनामा द्यायचं.

१८७९ चा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, असं त्यात ठरलं. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. रोखे निबंधकापुढे नोंदवणं आलं.

सावकार-व्यापाऱ्यांना हे रुचलं नाही. लिहून दिलेल्या कागदाला कोर्टच मानणार नसेल, तर उधार द्यायचं कशाच्या भरवशावर, असा त्यांचा सवाल. मित्रहो, मुलांना हीही बाजू सांगा. कारण सारा रोखीने आणि वेळेवर भरावाच लागायचा आणि सरकारने स्वस्त कर्जाची सोय केली नव्हती. मग अनेक सावकारांनी वाट बदलली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत! 'पैसे फेड, जमीन परत देतो' हे फक्त तोंडी. म्हणजे कायदा कर्जदाराच्या बाजूने, पण जमीन गेली ती गेलीच.

आपलं ईट तेव्हा निजामाच्या राज्यात. शेजारच्या नगर जिल्ह्यातला हा कायदा आपल्याला लागू नव्हता. पण तो प्रश्न आपल्यापर्यंत आलाच. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात, सावकारीत अशी लिहून घेतलेली जमीन चौकशीनंतर परत मिळण्याची तरतूद करावी लागली. तीही व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तरच. यातच सगळं आलं.

म्हणून हा पाठ झाला की मी फळ्यावर एक खोटा रोखा लिहितो. शंभर रुपये, दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात. मुलं हिशेब करतात, आकडा बघून गप्प होतात. मग विचारतो, "आता सही कराल का?"

कायदा शेतकऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, पण कागद त्याच्या हातात असतो. तो वाचता यावा, एवढं तरी चौथी-पाचवीच्या वर्गातून आपण देऊ शकतो. तुम्हाला काय वाटतं?